दामोदर सरांचे बूट

कुणीही समोर आलं की दामोदर सर आधी त्याच्या पायांकडे बघायचे आणि मग, जमलंच तर, तोंडाकडे. आमच्या नांदेडच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये माझ्या सपाता दिसल्या की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बाई, चप्पल ही चप्पल असते अन् बूट हा बूट असतो." एवढं बोलून ते असे गप्प बसायचे, जणू वेदच सांगितला. माणूस मूर्ख असला तरी चालतं हो, पण मूर्खपणाला इतकी इस्त्री कशाला?

दरवर्षी घटस्थापनेआधी आमची काही मंडळी हिमायतनगरहून माहूरला चालत जात. सोबत गाडी नाही, ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. सर इतकी वर्षं फक्त निघताना पायांवर भाषण द्यायचे आणि बसने माहूर गाठायचे. त्या वर्षी मात्र त्यांच्या पत्नीनं, निर्मलावहिनींनी, नातीच्या आजारपणात देवीला चालत येण्याचं बोललं होतं. बायको चालणार म्हटल्यावर सरांना बस कशी घेववेल?

वहिनींना साखर. डॉक्टरांनी बजावलेलं, पायाला जखम होऊ द्यायची नाही, अनवाणी तर अंगणातसुद्धा फिरायचं नाही. म्हणून त्या दिवसभराच्या कामानं पाय सुजल्यावर, संध्याकाळी बुटांच्या दुकानात गेल्या. जाड मोजे घातले, पाठीवर बाजाराची भरलेली पिशवी घेतली आणि दुकानभर फिरल्या. "ओझं घेतलं की पाय पसरतो बाई," त्या मला म्हणाल्या, "एक नंबर मोठाच पाहिजे." मग घेतलेले कापडी बूट घालून, पाठीवर ज्वारी घेऊन, त्या महिनाभर कॉलनीत चालल्या. सर फाटकात उभे राहून म्हणायचे, "लोक हसून राहिले, निर्मला!"

सरांनी स्वतःचे बूट मोबाईलवर व्हिडिओ बघून मागवले. कातडी, घोट्याच्या वर येणारे, उचलले तर मनगट भरून यावं असे. सोफ्यावर बसून, पातळ मोजा घालून, एकदा पायात सरकवले आणि परत खोक्यात ठेवले. "नवी वस्तू मुहूर्ताआधी वापरायची नसते. आपलं सगळं शास्त्रशुद्ध असतं." मुहूर्त निघण्याच्या सकाळचा. घ्या!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शास्त्राला फोड आले. टाचा सोलवटल्या, नखं काळीनिळी झाली. पण तोंडातून हूं नाही. चूक कबूल करण्यापेक्षा ते पाय कापून देतील असा तो माणूस. शनिवार होता. वाटेत मारुतीचं देऊळ लागलं. मी पारावर टेकले होते. सर सगळ्यांच्या मागून बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि पायानं आपलेच बूट मागच्या झुडपात ढकलले. मग टाळी वाजवली. "गेले! शनिवारी देवळातून जोडे गेले म्हणजे पीडा गेली!"

सगळे हसले. सरांनी वहिनींच्या पायांकडे पाहिलं. सरांचा पाय मुळात लहान, आणि वहिनींनी घेतलेला नंबर मोठा. "निर्मलानं अनवाणी यायचं बोललं होतं," असं त्यांनी आपणच जाहीर केलं, आणि बायकोचे बूट पायात घातले. मी माझ्या पिशवीतल्या सपाता पुढे केल्या, तर आडवा हात घालून म्हणतात, "बाई, नवस मोडू नका." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी झुडपाकडे बोट करणार, तोच वहिनींनी नकारार्थी मान हलवली. त्यांनीही पाहिलं होतं.

माहूरचा घाट ती बाई रक्ताळलेल्या पायांनी चढली. माझ्या सपाता मी वाटेत दोनदा पुढे केल्या, दोन्ही वेळा "राहू द्या बाई." धर्मशाळेत त्यांनी पाठीवरचं ओझं सोडलं, आणि कपड्यांखालून काय निघालं? तेच कातडी बूट. तेवढी वाट त्यांनी ते पाठीवर वाहिले होते. सर म्हणतात, "सापडले वाटतं! देवीची कृपा." वहिनी म्हणाल्या, "महागाचे हायती. लागतील कधीतरी."

त्यांच्या पायाची जखम होळीपर्यंत वाहत राहिली. अंगठा गेला. सर स्टाफरूममध्ये सांगायचे, "अनवाणी चालणं अशास्त्रीय. मी आधीच म्हटलं होतं."

गेल्या वर्षी सर गेले, झोपेतच, सुखानं. असल्यांना मरणही सोपं येतं. तेराव्याला मी गेले. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्याच्या नावानं छत्री, काठी आणि पादत्राणं दान देतात. पुढची वाट लांबची, काट्याकुट्यांची, चालताना उपयोगी पडावीत म्हणून. मुलानं बाजारातून मऊ, हलक्या चपला आणल्या होत्या. गुरुजींनी हात पुढे केला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. लंगडत आत गेल्या आणि खोकं घेऊन आल्या. "हे द्या."

मुलगा म्हणाला, "आई, अगं हे तर त्यांना…"

"त्यांनी स्वतः निवडलेले हायती," वहिनी म्हणाल्या, आणि पदरानं बुटांवरची धूळ नीट पुसली.