स्वेटरची बाही

भोपाळमधल्या आमच्या टाउनशिपमध्ये रक्ताचे रिपोर्ट परीक्षेच्या निकालासारखे एकमेकांना दाखवले जात. तिथल्या दवाखान्यात संशोधनासाठी शिबिर होतं: नैराश्याच्या खुणा रक्तात सापडतात का? मी, घरातला पहिला कॉलेजवाला, नावं पुकारत होतो. एक काकू स्वेटरची बाही वर करूनच आल्या.

"बाळा, मी उदास असते हे रिपोर्टवर छापून येईल ना?"

"कशाला, काकू?"

"यांची शुगर छापून आली, तर घरात गोड बंद झालं. माझं मन लागत नाही म्हटलं, तर म्हणतात, नौटंकी! आकडा आला की टोमणे तरी बंद होतील."

मी चाचरत सांगितलं, "रक्तावरून अजून ओळखता येत नाही, हा फक्त अभ्यास आहे. डॉक्टर विचारूनच ठरवतात."

"कुणाला? यांना?"

"नाही, तुम्हालाच."

"एवढं शिकून शेवटी विचारायचंच असतं होय!" त्या हसल्या. मग बाही खाली करून डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर ताठ बसल्या.

बाहेरून काकांनी हाक मारली, "झालं का गं?"

"थांबा," काकू म्हणाल्या, "आज मला विचारणार आहेत."