हिराआत्याच्या जेवणाची वेळ

हिराआत्या गेल्याचा फोन सकाळी आला. माझी सख्खी आत्या, पालघरजवळच्या माहीमच्या घरात जिनं मला लहानाचं मोठं केलं, ती गेली. आणि रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता तन्वी जेवणार कशी?

तन्वी माझी मुलगी, अकरावीत आहे. तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, हे कळायलाच उशीर झाला. शाळेत सगळे नुसतं वेंधळी म्हणायचे. खाण्याचं लक्षात आलं ते त्याहून उशिरा. डबा तसाच परत यायचा आणि संध्याकाळी आमच्या बोईसरच्या घरात फरसाणाची बरणी रिकामी सापडायची... मग बाथरूमची कडी, आणि ओकारीचा आवाज झाकायला सोडलेला नळ. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की अशा मुलांमध्ये खाण्याचे विकार जास्त दिसतात. भूक वेळेवर कळत नाही, कळते तेव्हा हात आवरत नाही, आणि नंतर स्वतःचीच किळस येते. एडीएचडीच्या औषधानं दुपारची भूक आणखी मरते. उपचार सुरू झाले, समुपदेशन सुरू झालं आणि मी पहारेकरीण झाले. तिचं ताट न्याहाळायचं, कडी वाजली की कान टवकारायचे.

हिराआत्या तोंडाची फटकळ. बोंबील वाळत घालता घालता तिची शेजारणींशी भांडणं चालायची. तिनं आधी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि वर पोरीला म्हणाली, "कदी उपाशी, कदी बरणी साफ... अशी कशी गं तू?" तन्वीनं तिच्याशी बोलणंच टाकलं. पण मे महिन्यात आम्ही माहीमला होतो तेव्हाची गोष्ट. आत्याला मधुमेह, आणि गोळी घेऊन जेवायचं विसरायची खोड. एका दुपारी ती घामाघूम होऊन अंगणात बसली. घरात तन्वी एकटीच होती. तिनं साखर भरवली, शेजारणीला हाक मारली आणि आत्या सावरल्यावर भाकरी पुढ्यात आणून ठेवली. आत्या अडून बसली. "एकटी नाय जेवणार मी. अर्धी तू घे." पोरीनं भाकरी मोडली, आणि खाल्ली.

त्या दिवशी तन्वीनं मोबाइलवर गजर लावला : 'हिराआत्या जेवण'. स्वतःची भूक विसरणाऱ्या मुलीनं आत्याची वेळ मात्र सांभाळली. पालघरचं कॉलेज सुटलं की रिक्षा करून ती माहीमला जायची. "आली माझी मास्तरीण," असं कुरकुरत आत्या हात धुवायची. भाकरी मोडायची तन्वी, कालवण वाढायची आत्या. आमच्या घरातल्या बरण्या हळूहळू भरलेल्या राहू लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चालू द्या, पण उपचार सोडू नका.

आत्या गेली ती झोपेत, हृदय बंद पडून. तन्वीनं एकच धरून ठेवलं, "काल प्रॅक्टिकल होतं म्हणून मी गेले नाही. ती जेवलीच नसणार." शेजारीण कळवळून सांगत होती, "जेवली गं बाय, मीच वाढलं तिला. आमी दोघी बरोबर जेवलो." पण ऐकतंय कोण! गजर रोज वाजायचा. तो ती बंदही करेना आणि जेवेनाही. आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे धावलो. पोरीचे गाल बसत चालले होते आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता...

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी माहीमचं घर आवरायला गेलो. शेजारणीनं भाकऱ्या आणून दिल्या. मी आत्याची लुगडी घडी करत होते, तेवढ्यात गजर वाजला. तन्वी उठली, तिनं ताट घेतलं आणि भाकरी मोडली. अर्धी सावकाश खाल्ली. मी लुगड्यात डोकं खुपसून कडीच्या आवाजाची वाट बघत होते. ती बाथरूमकडे गेली नाही. उरलेली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आई, तू सकाळपासून काय खाल्लंयस?"

मी आठवू लागले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काहीच नव्हतं.

आता गजर वाजला की ती कॉलेजातून मला फोन करते आणि दोघींचं जेवण होईपर्यंत ठेवत नाही. माझे कान अजून टवकारलेलेच असतात. गजराचं नाव तिनं बदललेलं नाही.