कोऱ्या कापडाखाली
दुकानात कोऱ्या कापडाचा तागा उलगडला की त्या खळीच्या वासानं माझा जीव गुदमरतो. नव्वदच्या दशकात लिंबायतच्या यंत्रमाग वस्तीत आमच्या गणेश मंडळाला रस्ता सुरक्षेच्या देखाव्यासाठी सरकारी अनुदान मिळालं, आणि जिवंत देखाव्यात ट्रकखाली मेलेला माणूस मला केलं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लूमवरचं कोरं कापड. "हलायचं नाही, लोक बघतात," अध्यक्षांनी बजावलं होतं. गर्दीतून शेजारच्या वहिनींचा आवाज आला; त्यांचा नवरा त्याच वर्षी ट्रकखाली गेला होता, आणि मढं झाकूनच नेलं होतं. आता मढं उठून बसलं तर त्यांचं काय होईल, म्हणून मी श्वाससुद्धा रोखला. त्या माझ्यावर वाकून म्हणाल्या, "त्यासनं तोंडबी माले देखू दिधं नही," आणि तोंडावरचं कापड ओढू लागल्या. मी ते आतून घट्ट धरलं. आजही मयताला गेलो की मूठ आपोआप आवळते.