बटणावरचं कुंकू

माणूस खोटं बोलला तर मला एकवेळ चालतं. पण न केलेलं काम "केलं, केलं" म्हणून ठासून सांगितलं की माझं डोकं फिरतं. आणि या बाबतीत आमच्या ह्यांचा हात कोणी धरणार नाही.

घरोघरी नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते. नाशिकला आमच्या पुढच्या खोलीत माझा होता, शिकवण्या करून घेतलेला. त्यावर मी लग्नपत्रिका आणि द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं करून द्यायचे. सासरे कारखान्यात लेथवर होते, त्यामुळे दसऱ्याला यंत्र चालू ठेवूनच पुजायचं ही घरची रीत. त्या वर्षीही मी टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडू वाहिला, त्याच्या बटणावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, "संध्याकाळी बंद करा" असं ह्यांना बजावलं आणि आजारी आईकडे निफाडला गेले.

आठवड्याने परतले, तर ह्यांचा देवळ्याचा मामेभाऊ दारात टेम्पो लावून चहा पीत बसलेला. माझा कॉम्प्युटर न्यायला!

"बिघडलाय," हे म्हणाले. "प्रिंटर हलत नाही. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, पूर्ण बंद करून चालू करा. दहा वेळा केलं! भंगारात जाण्यापेक्षा याला दिला."

मला न विचारता! पायातली चप्पलही न काढता मी टेबलाखाली वाकले. डबा गरम. आत पंखा घुरघुरतोय. आणि बटणावर माझ्या बोटाचं कुंकू वाळून जसंच्या तसं.

"कसा बंद केलात? दाखवा."

ह्यांनी रुबाबात पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. "हा बघ."

दसऱ्यापासून डबा थांबलाच नव्हता, आणि हा माणूस टीव्हीसारखा नुसता पडदा घालवून मोकळा होत होता. संतापाने माझे कान तापले. मी कुंकवावर बोट दाबून धरलं. पंखा थांबला. वायर काढली, जरा वेळाने पुन्हा लावली, सुरू केला. पत्रिका सरसर छापून आली.

"झाला की!" हे म्हणाले. "मग आधी सांगायचंस."

मामेभाऊ खूश. "वहिनी, आता तर नेतोच. पोराला लय नाद हाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्या चपलांकडे बघत पुटपुटले, "शब्द दिलाय गं मी त्याला."

"तुम्ही दिलात ना?" खुंटीवरची किल्ली काढून मी मामेभावाच्या हातात ठेवली. "भावजी, मग ह्यांची स्कूटर न्या."