बाशिंगाचं झाड

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण निदान चहा संपेपर्यंत तरी थांबा. जुळत आलेलं स्वतःचं लग्न मी एका झाडापायी मोडत आणलं होतं. आणि झाड तरी कसलं? कागदावरचं!

मी वारंगा फाट्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो. आमच्या मुख्याध्यापकांना डिसेंबरात हुक्की आली, की मुलांनी नाताळचं शुभेच्छापत्र हातानं करून एका नातेवाइकाला पाठवायचं. मला म्हणाले, "आधी तुम्ही करून दाखवा सर. झाड पाहिजे बरं का, वर चांदणीवालं!"

आता मला त्रिकोणाशिवाय काय काढता येतं? तीन त्रिकोण एकावर एक रचले. घरात हिरवा रंग नव्हता, म्हणून आईच्या जुन्या साडीची जर चिकटवली. वर टिकल्या लावल्या, दोन्ही बाजूंना मण्यांच्या माळा सोडल्या. राहिली चांदणी. तिला पिवळा रंग हवा. हिंगोली जिल्ह्यातला माणूस पिवळा रंग विकत आणतो का कधी?

आईनं वाटीभर हळद दिली. चांदणी झकास रंगली. फक्त तिच्यात लिहिलेला 'नाताळ' हा शब्द हळदीखाली गडप झाला, आणि तीच बोटं कार्डाच्या चारही कोपऱ्यांना लागली. खाली मजकूर असा: 'दि. २५ डिसेंबर. या मंगल दिवशी आपण सहपरिवार आनंदात असावे. आपला, गजानन.'

कार्ड संध्याकाळच्या एसटीनं धाडलं शिरड शहापूरला, मामांकडे. हेच मामा माझ्यासाठी पुसेगावचं एक स्थळ जुळवत होते. मुलगी मला बेहद्द आवडली होती, फक्त त्यांचा होकार यायचा होता. चौतिसाव्या वर्षी होकाराची वाट बघताना घशाखाली घास उतरत नाही हो!

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला.

"गजा, हे कवा ठरलं रे?"

मला वाटलं, कौतुक चाललंय. "परवाच मामा. आमच्या मुख्याध्यापकांनी ठरवलं."

"हेडमास्तरनं? अन् तू लगेच व्हय म्हणालास?"

"नोकरी आहे मामा. नाही कसं म्हणू?"

"अक्काला तरी म्हाईत हाय का?" अक्का म्हणजे माझी आई, त्यांची थोरली बहीण.

"म्हणजे काय! आईनंच तर हळद दिली."

"हळद बी झाली?" मामांचा आवाज चिरकला. "आरं मंग मी पुसेगाववाल्यायला काय सांगू?"

"त्यांनाही पाठवतो ना एक!"

फोन बंद. मी डोकं खाजवत बसलो. एका कार्डापायी मामा एवढे का तापले? बरं, चूक काय झाली तेही कळेना. हळद जास्त झाली का?

सकाळी दारात दोघंजण उभे. मामा, आणि सोबत मुलीचे वडील! मी पाणी पुढं केलं, कुणी घेतलं नाही.

"गुरुजी," मुलीचे वडील म्हणाले, "आमची पोरगी पाहून गेलात, अन् हळद दुसरीकडं लावून राहिलात?"

"कुठं?" मी स्वतःचेच हात बघितले. पिवळे होते!

मामांनी कार्ड समोर आपटलं. "हे काय हाय?"

"झाड."

"झाड? मुंडावळ्यांसकट बाशिंग काढलंय, चारी कोपऱ्यायला हळद लावली, खाली तारीख टाकली, अन् म्हणतो झाड! आरं ही लग्नपत्रिका हाय!"

मी कार्ड हातात घेतलं. देवाशपथ सांगतो, बाशिंगच होतं!

तेवढ्यात आई बाहेर आली. "कुणाचं लग्न हाय?"

"तुझ्या पोराचं!"

"अगं बाई! अन् मला काहून न्हाई सांगितलं?"

मी घाईघाईनं नखानं हळद खरवडली. खालून 'नाताळ' निघाला. तिघांनी आळीपाळीनं वाचला. मुलीचे वडील कार्ड उलटं धरून म्हणाले, "मास्तर, पण झाडाला टिकल्या कवापासून लागायल्या?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही. होकार गेला म्हणून मनातल्या मनात रडकुंडीलाच आलो होतो.

त्यांनी कार्डाचा फोटो लेकीला पाठवला आणि फोन लावला. पलीकडं ती आधी मिनिटभर नुसती हसली. मग म्हणाली, "बाबा, ज्यानं झाड काढलं तरी बाशिंग होतंय, त्याला लपवाछपवी काय जमणार? व्हय म्हणा."

लग्न फेब्रुवारीत झालं. पत्रिका मात्र मी शहाण्यासारखी छापून घेतली. वर खरंखुरं, ठसठशीत बाशिंग. पहिली पत्रिका स्वतः नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. पण लग्नाला ते आलेच नाहीत.

रजा संपल्यावर मी जरा रागानंच विचारलं, "सर, आला नाहीत?"

"कुठं?" ते म्हणाले. "ते जाऊ द्या. तुमचं नवं कार्ड मी मुलांना दाखवायला भिंतीवर लावलंय. या वेळी झाड काय सुरेख जमलंय हो!"