टीम हलली, टोपी राहिली

दक्षिण गोलार्धातल्या हॉर्नबी या उपनगरात चार मराठी माणसं दर रविवारी एका टीव्हीसमोर बसू लागली, की दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, साठतात तसे किस्से साठतात. माझे मात्र सगळे संतापाचे! तो संताप योग्य होता का, याची अजून खात्री नाही. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, खात्री कशाचीच नाही.

*

आमचे शेवाळे म्हणजे पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, इथे लेकीकडे राहतात. मुलगा निरंजन ओहायोत. त्यांचे फोन "बरा आहेस?" "बरा आहे"वर संपायचे. एकदा निरंजनने तिथल्या एका छोट्या बेसबॉल टीमची टोपी इकडे येणाऱ्या मित्राबरोबर पाठवली.

शेवाळे हरखले. "पोराला नाद दिसतोय! आपण शिकायला हवं. बोलायला विषय मिळेल."

झालं! तेव्हापासून हिवाळाभर रविवारी सकाळी मनीषच्या घरी हीट पंप लावून बेसबॉल. मनीष आयटीतला, त्याच्या टीव्हीवर जगातलं काहीही दिसतं.

*

नियम शिकवायचं काम माझ्यावर आलं. मी लायब्ररीतून पुस्तक आणलं, आकृत्या काढल्या, पिचर म्हणजे त्यांचा बोलर असं समजावलं.

"ते सगळं ठीक," शेवाळे म्हणाले, "पण स्टंप कुठायत?"

मी पुस्तक आपटलं! मनीष हसत म्हणाला, "सर, रिटायर झालात तरी नापास करायची सवय गेली नाही!"

*

मॅच संपली की निरंजनचा फोन यायचा.

"बाबा, पिचरने वाट लावली."

"हो ना रे. आधीच बदलायला हवा होता."

"चला, ठेवतो."

एकदा मी भडकलो. डॉक्टरांनी शेवाळ्यांना बायपास सांगितली होती आणि मुलाला पत्ता नव्हता, लेकीलाही शपथ घातलेली! "सांगितलंत का नाही?"

"टीम हरलीय हो," शेवाळे कुजबुजले. "आज नको."

पुढच्या रविवारी टीम जिंकली. "आज तो खुशीत आहे, आज कशाला?"

*

मग बातमी आली. टीमच्या मालकाला नवं स्टेडियम हवं होतं, शहराने नकार दिला, तर हा गडी टीमच उचलून दुसऱ्या राज्यात घेऊन गेला! माझं डोकं फिरलं.

शेजारचा ग्रॅहम इथल्या रग्बी क्लबचा जुना खेळाडू. इथल्या मोठ्या भूकंपात त्यांच्या क्लबची इमारत पडली, तर हे लोक कंटेनरमध्ये कपडे बदलून त्याच मैदानावर खेळले. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नेली? क्लब आहे की कॅराव्हॅन?"

मनीषची लेक ईशा मोबाईलमधून मानही वर न काढता म्हणाली, "जस्ट पिक अनदर टीम, आजोबा. स्वीट ॲज!" इथल्या पोरांच्या भाषेत, काही बिघडत नाही!

मी तिच्यावरही ओरडलो. नऊ वर्षांच्या मुलीवर! नंतर तिच्यासाठी चॉकलेट आणायला मला डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, जावं लागलं.

*

त्यानंतरच्या रविवारी मॅच नव्हती. शेवाळे टोपी घालून बंद टीव्हीसमोर बसले होते. "आता तो फोन कशाला करेल?"

फोन आला. शेवाळ्यांनी स्पीकर लावला आणि ते टोपीशी चाळा करत बसले. शेवटी मीच फोन ओढून घेतला.

"निरंजन, तुझी ती टीम गेली खड्ड्यात! बापाशी दुसरं काही बोलता येत नाही का तुला?"

मग तो म्हणाला, "काका, मला बेसबॉल कळतच नाही. टोपी एअरपोर्टवर घाईत घेतली होती. बाबांना एवढं वेड लागलं, म्हणून फोन करायच्या आधी दर वेळी स्कोअर वाचून ठेवायचो."

मनीष हसायच्या बेतात होता, त्याच्या बायकोने डोळे वटारले.

शेवाळ्यांनी फोन माझ्या हातून घेतला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"गाढवा! मग मी इथे काय झक मारत होतो?"

"बाबा, सॉरी..."

"सॉरी राहू दे. ऐक. माझी बायपास ठरलीय. आणि ही टोपी डोक्याला खाजते!"