डाव्या हाताने दिलेलं पाणी

त्या दिवशी दुपारी तीर्थपुरीला, कापसातून सरकी काढणाऱ्या आमच्या जिनिंगमध्ये, विम्याचे साहेब येणार होते. गोष्ट सत्तरच्या दशकातली… पण अजून आठवली की मान आपोआप खाली जाते.

मी जिनिंगचा कारकून. शेठनी कामगारांचा अपघात विमा काढायचं मनावर घेतलं होतं. कामगार जायबंदी झाला तर भरपाई विमा कंपनीने द्यायची… पण त्याआधी प्रस्ताव पाठवावा लागतो. यंत्रं कोणती, कोण काय काम करतं, पूर्वी अपघात झालेत का… हे सगळं वाचून औरंगाबादचे साहेब ठरवणार, ही जोखीम घ्यायची की नाही.

प्रस्ताव मी लिहिला. गावातल्या प्रत्येकाच्या अर्जातल्या चुका काढून चारचौघांत हसणारा माणूस मी… माझा कागद झकासच व्हायला हवा. वाचणाऱ्याला वाटावं, कामगार इथं हवापालटाला येतात! ‘यंत्रांचे सर्व फिरते भाग सुरक्षितपणे झाकलेले आहेत’ असंही ठोकून दिलं. झाकलेलं म्हणजे, एका पट्ट्यावर गोणपाट टाकलेलं होतं.

‘मागील अपघात’ या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं… निरंक. म्हणजे काही नाही.

दोनच हंगामांपूर्वी गयाबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं रोलरमध्ये गेली होती. ती यंत्रात कापूस भरायची. शेठनी नंतर तिच्या हातात झाडू दिला आणि ‘बाईला वाऱ्यावर सोडलं नाही’ म्हणून गावभर सांगितलं. तिच्या जागेवर आता तिची लेक शांता कापूस भरत होती… त्याच यंत्रावर.

साहेब यायच्या आधी मी गयाबाईला बाजूला घेतलं. म्हटलं, आज हात जरा पदराखाली ठेवा, साहेबांना दिसायला नको.

“कामून वो भाऊ?”

“दिसला तर विमा व्हायचा नाही.”

तिने क्षणभर शांताकडे पाहिलं. “पोरीच्या हाताचा विमा व्हतोय न्हवं? मंग झाकते. तसंबी दोन वर्सं झालं, झाकूनच काम करून राह्यले.”

मला ते टोचायला हवं होतं. टोचलं नाही… मी मनातल्या मनात साहेबांपुढे करायच्या कोट्या जुळवत होतो.

साहेब एसटीने आले, अंबडच्या रस्त्याची सगळी धूळ अंगावर घेऊन. बाकावर बसले आणि पाणी मागितलं. माठाजवळ गयाबाईच झाडत होती. तिने तांब्या भरला आणि पुढे केला… डाव्या हाताने.

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला डाव्या हाताने पाणी कोणी देत नाही. साहेबांचा हात मधेच थांबला. पण ते चिडले नाहीत. शांतपणे विचारलं, “मावशी, उजव्या हाताला काय झालं?”

गयाबाईने माझ्याकडे बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे… “काय न्हाई साहेब. चुलीवर भाजलं.”

माझ्या एका शब्दासाठी ती बाई तिचा खरा अपघात गिळून मोकळी झाली. माझी एकही कोटी बाहेर आली नाही.

साहेब पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवून त्यांनी पिशवीतून माझा प्रस्ताव काढला आणि ‘निरंक’वर बोट टेकवलं. “कारकून साहेब, अक्षर सुंदर आहे तुमचं. उद्या एखाद्या पोरीचा हात गेला तर आमचं ऑफिस हेच पान काढेल. म्हणेल, अपघात लपवला, विमा रद्द. याच सुंदर अक्षराने तिची भरपाई बुडेल.”

मग म्हणाले, “झालेला अपघात लिहिला म्हणून आम्ही पळून जात नाही. त्यानंतर तुम्ही काय सुधारलं, ते लिहा.”

काय सुधारलं होतं आम्ही? झाडू दिला होता…

साहेब गेल्यावर मी गयाबाईसमोर पोत्यावर बसलो आणि विचारलं, नेमकं झालं कसं? दोन हंगामांत पहिल्यांदा. तिने सगळं सांगितलं… कापूस अडकला, यंत्र थांबवायची दांडी पार भिंतीला, तिथवर हात पोचला नाही.

शेठ बरेच दिवस कुरकुरले, पण रोलरपुढे जाळी बसली आणि दांडी कापूस भरणारीच्या हाताशी आली. मग मी दुसरा प्रस्ताव लिहिला. एकही झकास वाक्य नाही. सुरुवातच गयाबाईच्या बोटांपासून. साहेबांनी तो मंजूर केला… गयाबाईला मात्र तिच्या बोटांचं काही मिळालं नाही. ते शेठचं पाप, आणि निम्मं माझं.

पाठवण्याआधी तो कागद मी तिला वाचून दाखवला होता.

“माझं नाव बराबर टाकलं का?”

“टाकलं.”

ती उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. उजव्या हाताने… अंगठा आणि एका बोटात धरलेला तांब्या हिंदकळत होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्यांच्या अर्जांना हसणं काही माझं पूर्ण सुटलं नाही. पण आजही कुठल्या फॉर्मवर ‘निरंक’ लिहायची वेळ आली की पेन थांबतं… आधी आजूबाजूला बघतो, कोणाचा हात पदराखाली तर नाही ना.